वाक्यातली माणसं

साखरेच्या चौकोनी खड्याचं एक टोक कॉफीला जेमतेम टेकवलं, की तपकिरी रंग खड्यात वर चढू लागतो. आधी झपाट्यानं, मग सावकाश. अर्ध्यापाशी तो थांबल्यासारखा वाटतो, पण थांबलेला नसतो. डॉक्टर ह्रुबेश खडा चिमटीत धरून रंग अगदी नखापाशी येईपर्यंत वाट पाहत आणि तेवढ्यात खडा सोडून देत. त्यांचं बोट भिजलेलं ब्लाझेनानं कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या टेबलाशी बसून ती हे रोज सकाळी पाहायची, आणि आपण पाहतो आहोत हे त्यांना कळू नये म्हणून चष्मा पुसत राहायची.

ब्लाझेनाचं शिक्षण रासायनिक इंजिनिअरिंगचं. तरुणपणी ती एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. तिथे इंग्रजी शोधनिबंध वाचायचं काम तिच्याकडे आलं, आणि हळूहळू तिला द्रावणांपेक्षा वाक्यांचीच गोडी लागली. चेक देशातल्या ओलोमोउत्स शहराच्या कोशकचेरीत इंग्रजी-चेक शब्दकोशासाठी माणूस हवा होता. ती तिथे आली आणि तिथलीच झाली. पण पदवी माणसाला चिकटते ती जन्माची. कचेरीत सगळे तिला 'इंजिनिअरबाई' म्हणत. डॉक्टर ह्रुबेशही तसंच म्हणत. ती त्यांना, त्यांच्या भाषाशास्त्राच्या डॉक्टरेटवरून, 'डॉक्टर' म्हणायची. चौदा वर्षं दोघं एका खोलीत, एका खिडकीच्या उजेडात काम करत होती, आणि चौदा वर्षं एकमेकांना 'अहो' म्हणत होती.

त्यांची कामाची रीत त्यांनीच घडवलेली. कोशात प्रत्येक अर्थाला उदाहरणाचं इंग्रजी वाक्य आणि त्याचं चेक भाषांतर द्यायचं असे. इंग्रजी वाक्य मोठं अळीमिळी गुपचिळी असतं. 'तिनं त्याला घरी नेलं' एवढंच सांगतं आणि गप्प बसतं. चेक भाषेला तेवढ्यानं भागत नाही. उचलून नेलं तर एक क्रियापद, सोबत चालवत नेलं तर दुसरं, गाडीत घालून नेलं तर तिसरं. मग डॉक्टर विचारत, "हा कोण, इंजिनिअरबाई? याला चालता येतं का?" ब्लाझेना डोळे मिटून त्या माणसाला नीट पाही. "येतं. पण प्यायलाय." "मग चालवत. काखेत हात घालून." असं करता करता कोशात एक गावच वसलं होतं. कोंबड्या पाळणारी एक विधवा होती, नेहमी उशिरा पोचणारा पोस्टमन होता, दर वाक्यात काहीतरी हरवणारी एक मुलगी होती. जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर म्हणायचे, "आपला पोस्टमन आज वेळेवर पोचला बरं का," आणि दोघं शेजाऱ्याची बातमी ऐकल्यासारखी हसायची.

आता कोश संपत आला होता. इंग्रजीतलं 'टेक' हे क्रियापद, म्हणजे घेणं, नेणं आणि आणखी कितीतरी, सर्वांत लांबलचक म्हणून मागे ठेवलं होतं. त्याचीच शेवटची वाक्यं उरली होती. ती झाली की डॉक्टर निवृत्त होणार होते. दूर उत्तरेकडच्या लिबेरेत्स शहरात त्यांच्या मुलीनं त्यांच्यासाठी खोली रिकामी केली होती आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

"खोली चांगली आहे," ते एकदा म्हणाले होते. "नातवंडं गोड आहेत. पण तिथे मला 'हा कोण' असं विचारायला कोणी नाही."

ब्लाझेनाला तेव्हाच म्हणायचं होतं, जाऊ नका. पण ज्याला 'अहो' म्हणतो त्याला जाऊ नका सांगायचा आपल्याला अधिकार काय? ती म्हणाली, "लिबेरेत्सची हवा बरी असते म्हणे."

तिची धाकटी बहीण ओटिलिए हे ऐकून कपाळाला हात लावून बसली. रविवारी दोघी बहिणी शहराबाहेरच्या त्यांच्या बागेच्या तुकड्यात प्लम वेचत होत्या.

"हवा? तू त्याला हवेचं सांगितलंस?"

"मग काय सांगू?"

"अगं, चौदा वर्षांत लोकांचे दोन-दोन संसार होतात आणि मोडतात! तुमचं अजून 'डॉक्टर, मीठ घेता का' चाललंय. एकदा रीतसर हात पुढे कर, स्वतःचं नाव सांग, अरे म्हण आणि मोकळी हो."

"मी कशी म्हणणार, टिली? ते वयानं मोठे, हुद्द्यानं मोठे. मोठ्यानं आधी म्हणायचं असतं."

"मग थांब तो मरेपर्यंत. थडग्यावर खोदून घे, माननीय डॉक्टरसाहेबांस, आपली इंजिनिअरबाई." ओटिलिएनं एक किडका प्लम कुंपणापलीकडे भिरकावला. "आणि बादलीतले वरचे काढ, खालचे चेपतायत."

ब्लाझेनानं वरचे प्लम दुसऱ्या बादलीत काढले. बहिणीला एक गोष्ट तिनं कधीच सांगितली नव्हती. कारखान्यात त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, सगळे एकमेकांचे कॉम्रेड होते, आणि कॉम्रेडांनी एकमेकांना अरे-तुरेच करायचं अशी पद्धत होती. तिचा वरिष्ठ तिला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत होता. त्याच 'तू'मध्ये त्यानं तिला रविवारी कामावर बोलावलं, त्याच 'तू'मध्ये तिच्या अहवालावर स्वतःचं नाव घातलं. कोशकचेरीत पहिल्याच सकाळी डॉक्टर ह्रुबेश खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या. तुम्हाला खिडकीजवळची जागा आवडेल का?" त्या 'तुम्हाला'नं तिला इतकं सुरक्षित वाटलं, की पुढे ते मोडायचा धीरच झाला नाही. कोणी दिलेली काचेची वस्तू वापरून फुटेल म्हणून कपाटातच ठेवावी, तसं झालं होतं.

गुरुवारी दुपारी शेवटचं वाक्य टेबलावर आलं. 'मला घरी ने', एवढंच. किंवा 'मला घरी न्या'. इंग्रजीला दोन्ही सारखंच.

डॉक्टरांनी पेन्सिल कानामागे खोचली. "हं. कोण म्हणतंय हे?"

"एक बाई."

"तरुण?"

"नाही हो. माझ्याएवढी धरा."

"म्हणजे तरुणच," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच कागदाकडे पाहू लागले. "कुणाला म्हणतेय?"

"एका गृहस्थांना. गाण्याचा कार्यक्रम संपलाय. बाहेर थंडी आहे."

"गाडी आहे त्यांच्याकडे?"

"नाही. चालतच जायचंय. तिला चालायला आवडतं, पण एकटीला अंधारात नको वाटतं."

"मग चालवत." त्यांनी क्रियापद लिहिलं. "आता ने की न्या?"

"न्या," ब्लाझेना म्हणाली.

"ओळख नवी आहे का?"

"नाही. बरीच वर्षं झाली."

"बरीच वर्षं, थंडीत एकत्र घरी जाणं, आणि तरी न्या?" डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "हे मला पटत नाही, इंजिनिअरबाई. वाचणाऱ्यालाही पटायचं नाही."

"त्यांनी कधी सुचवलंच नाही, मग ती काय करणार?"

"त्यानं कसं सुचवायचं?" डॉक्टर खरोखरच चकित झाले. "असं सुचवणं बाईच्या हातात असतं. पुरुषानं आपणहून बाईला तू म्हणायचं म्हणजे शुद्ध आगाऊपणा! माझ्या आईनं मला यावरून चांगलं फटकावलं होतं."

"पण ते वयानं मोठे आहेत," ब्लाझेना म्हणाली. "हुद्द्यानंही. धाकट्यानं आधी म्हणायचं नसतं. माझ्या आईनं मला हेच शिकवलं."

"बाई समोर असली की वय मोजत नाहीत."

"वय जास्त असलं की बाई-पुरुष पाहत नाहीत."

 खाली रस्त्यावरून ट्राम गेली आणि खिडकीची काच बारीक थरथरली. ब्लाझेनाला वाटलं, एखादी समीकरणाची चूक वर्षानुवर्षं वहीत असावी, दोन्ही बाजू आपापल्या परीनं बरोबर असाव्यात, आणि उत्तर मात्र कधीच येऊ नये, तसं काहीतरी आपण आत्ता पाहतो आहोत.

"म्हणजे," डॉक्टर हळूच म्हणाले, "तो वाट पाहतोय तिनं म्हणावं म्हणून."

"आणि ती वाट पाहतेय त्यांनी म्हणावं म्हणून."

"दोघंही सभ्य."

"आणि दोघंही मूर्ख," ब्लाझेना म्हणाली.

डॉक्टर हसले, पण हसू पुरतं ओठांवर टिकलं नाही. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, टोक पाहिलं, गरज नसताना तासलं. लाकडाची सालपटं त्यांनी ओंजळीत गोळा करून टोपलीत टाकली. मग फोन जवळ ओढला.

"येतो म्हणून लिबेरेत्सला आजच कळवून टाकतो म्हणतो. उद्या मुलगी कामावर असेल. दीड वाजलाय, आत्ता घरी सापडेल." त्यांचा हात फोनवर तसाच राहिला. "पण त्याआधी हे वाक्य संपवू या. एवढं एकच राहिलंय. तुमचं वाक्य आहे, तुम्हीच सांगा. काय लिहू?"

ब्लाझेनानं डोळे मिटले. सवयीनं ती त्या बाईला पाहायला गेली. सभागृहाच्या पायऱ्यांवर ती बाई उभी होती, हातमोजे घालत. शेजारचे गृहस्थ टोपी हातात धरून होते. पण त्यांचे चेहरे आज दिसेनात. पाहू जावं तर दोघंही पाठमोरी होत होती. दिसत होता फक्त समोरच्या टेबलावरचा माणूस, कोटाच्या बाह्या कोपरावर झिजलेल्या, फोनवर हात ठेवून बसलेला. याला उत्तरेकडच्या त्या खोलीत सकाळी कॉफी कोण देईल? त्याच्या पोस्टमनची चौकशी कोण करील?

"ने," ती म्हणाली. "ने लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. अक्षरं नेहमीपेक्षा जरा मोठी आली. "मला घरी ने," त्यांनी वाचून दाखवलं. "हं. आता बरं वाटतंय. अखेर बाईंनी धीर केला म्हणायचा." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि रिसीव्हर उचलला.

ब्लाझेना उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकून कपाटावर आपटली.  प्रयोगशाळेत पहिल्यांदा आम्ल ओतताना होता तसाच हात स्थिर होता. तो तिनं टेबलावरून पुढे केला.

"वाक्यातल्या बाईचं राहू दे," ती म्हणाली. "हे मी बोलतेय. माझं नाव ब्लाझेना."

डॉक्टर रिसीव्हर हातात धरूनच उभे राहिले. त्यातून बारीक घरघर ऐकू येत होती. त्यांनी तो जागेवर ठेवायचा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला जमलं नाही, दुसऱ्या खेपेला जमलं. मग तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आलोइस," ते म्हणाले. 

"आलोइस," ब्लाझेना म्हणाली, "लिबेरेत्सला जाऊ नकोस. इथे राहा. माझ्याजवळ राहा."