गोंड्यातल्या पाच गाठी

मित्रांनो, सांगलीतल्या एका बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली मी एक जुनी गोफण आहे. येणारे पाहुणे मला शोभेची वस्तू समजतात. माझ्या लोकरीच्या गोंड्यात पाच गाठी आहेत. परवा घरच्या सूनबाई गुंता समजून त्या सोडवायला बसल्या होत्या. नखाने सुटेनात, म्हणून त्यांनी नाद सोडला. बरे झाले.

माझा जन्म कवठे महांकाळच्या पूर्वेकडचा, जिथे माणसांपेक्षा मेंढरे जास्त होती अशा एका वस्तीवरचा. बनाबाईने चातीवर लोकर आणि शेळीचे केस कातले, दोन दोर वळले, मधे दगड बसेल एवढी झोळी विणली. सून सुलाबाई घरात आली तेव्हा बनाबाईने मला तिच्या हातात दिले. दगड पाखराला मारायचा नाही, पाखराच्या पुढे हवेत मारायचा, एवढेच तिने शिकवले.

शाळू हुरड्यात आला की सुलाबाई शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढे. तिच्या हाताच्या झटक्याने माझा असा कडाका निघे, की तीन शेतांपलीकडची पाखरे उठत. लोक माझे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

बांधाला, तळ्याच्या काठी एक थोराड चिंच होती. तिच्यावर दर हिवाळ्यात रंगीत करकोचे घरटी करत. पिवळी लांब चोच, शेपटीजवळ गुलाबी पिसे. सुलाबाई माळ्यावरून तासन् तास त्यांच्याकडे बघत बसे. चिंचेखाली मात्र कधी जात नसे. ऊन तापले की आई पिल्लांवर पंख पसरून उभी राहते, बाप तळ्यातले पाणी घशात आणून पिल्लांच्या अंगावर सोडतो, हे तिने लांबूनच ओळखले. पिल्लू दिसले की ती माझ्या गोंड्यात एक गाठ मारी. उडून गेले तरी गाठ तशीच ठेवी आणि पुढच्या हिवाळ्यात नवा गोंडा लावी.

त्या दिवसांत चिंचेच्या बाजूला ती मला फिरवत नसे. तिकडच्या चार ओळी चिमण्या फस्त करत. तिचा नवरा नानासो कुरकुरे.

"ते काय तुझं पाव्हणं हाईत व्हय, वाढून बसलीस ते?"

"पाव्हणंच हाईत. बाळंतिणीच्या उशाला कुणी डबडं बडवतं का?"

नानासो हसे आणि त्या चार ओळी सोडून देई.

सन सेहेचाळीसच्या फाल्गुनात माझ्या गोंड्यात एकोणीस गाठी होत्या. पाच पिल्ले उडून गेली होती. चौदा अजून पांढऱ्या लवेची, घरट्यातच होती. लढाई संपून नानासोचा धाकटा भाऊ जोतीराम पलटणीतून रजेवर आला होता. छावणीतल्या साहेबाच्या बागेसाठी करकोच्याचे पिल्लू आणतो, अशी फुशारकी तो मारून आला होता. भर दुपारी तो चिंचेवर चढला. सुलाबाईने माळ्यावरून हाक दिली.

"भावजी, खाली उतरा."

"एकच घेतो, वयनी. एवढ्यातलं एक गेलं तर कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

तो वर सरकला. सुलाबाईने माझ्या झोळीत दगड घातला. दगड त्याच्या हाताजवळच्या फांदीवर बसला. जोतीराम घाबरून घसरत उतरला, त्याचे कोपर सोलले. पिल्लू वाचले. पण मित्रांनो, दगडाच्या आधी माझा कडाका झाला होता. त्या झाडाच्या रोखाने तो कधी झाला नव्हता. सगळे करकोचे एकदम उठले आणि तळ्यावर घिरट्या घालू लागले.

ते परतले असते. माणसे हलली असती तर.

आमच्या वस्तीची रीत अशी, की भावकीत तंटा झाला तर जिथे झाला तिथेच बसून मिटवायचा. मिटून गूळ खाल्ल्याशिवाय कुणी उठायचे नाही. जोतीरामच्या आरडाओरड्याने माणसे जमली. भावकीतले सर्वांत म्हातारे आकाराम आबा चिंचेच्या बुडाशी बसले, त्यांच्याभोवती सगळे बसले. एकेक जण बोलू लागला. पाखरू म्हणजे वस्तीचे भूषण, असे एक जण म्हणाला. पिल्लाला हात लावणे पाप, असे दुसरा. सगळे करकोच्यांच्याच बाजूने, आणि मोठ्याने बोलत होते. वर उन्हात उघडी पिल्ले चोची वासून होती.

"आबा, बैठक माळावर न्या," सुलाबाई म्हणाली. "पिल्लांच्या आया खाली माणसं बघून येईनात."

"तू वादातली हाईस, बाई. वादातल्यानं जागा ठरवायची नसती."

"मग चूक माझी. समदी माझी. आता तरी उठा."

आकारामांनी मान डोलावली. कबुली झाली, आता गूळ आणा, म्हणाले. गूळ आणायला माणूस वस्तीवर गेला. तो येईपर्यंत कुणी उठले नाही. जोतीरामने वहिनीच्या हातून गूळ खाल्ला, तिच्या पाया पडला. तंटा छान मिटला, असे म्हणत माणसे घरी गेली, तेव्हा ऊन कलले होते.

करकोचे फांद्यांवर उतरले. एकानेही पंख पसरले नाहीत. सावली करावी असे एकही पिल्लू जिवंत उरले नव्हते. मग कावळे आले. सुलाबाईचा हात माझ्याकडे गेला आणि तसाच मागे आला. माळ्यावर बसून तिने एकेक करत चौदा गाठी सोडवल्या. चार दिवसांनी चिंच रिकामी झाली. पुढच्या हिवाळ्यात करकोचे आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. चिमण्या मात्र सगळ्याच ओळी खाऊ लागल्या, कारण सुलाबाईने मला पुन्हा हातात घेतले नाही. लोक तिला आळशी म्हणाले.

मित्रांनो, मी फार शहाणी नाही. माझा कडाका पहिला होता, हे मी विसरलेले नाही. पण त्या दुपारी पिल्लांच्या जिवावर उठलेला माणूस एकच होता, आणि तो केव्हाच खाली उतरला होता. बाकीचे सगळे पिल्लांच्या मायेपोटी बसून राहिले होते. म्हणून तुम्हांला कुठे घरटे दिसले, तर लांबून बघा आणि लवकर निघा. त्याच्याविषयी चांगले बोलायचे असेल, तर ते घरी जाऊन बोला.

आणि सूनबाईंना कुणीतरी सांगा, या पाच गाठी गुंता नाहीत. ती उडून गेलेली पिल्ले आहेत. त्यांना तेवढा हात लावू नका.