स्वागताची शाल

आमच्या ह्यांना सत्कार करायचं व्यसन आहे. संभाजीराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना ढीगभर शाली मिळाल्या, आणि त्या खपवण्यासाठीच त्यांनी ज्येष्ठ नागरिक संघ काढला असं मी म्हणते. त्यांना राग येतो. पण नवा पोस्टमन आला, सत्कार. कुणाच्या नातीला नव्वद टक्के पडले, सत्कार. एकदा पाणी सोडणाऱ्या माणसाचा केला, तर तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं तक्रार करायला बोलावलंय. निरोपाचेही सत्कार असतात, त्यात भाषण जरा लांबतं.

शाल नाही ती फक्त घरच्या माणसाला. आमची दीक्षा आमदार म्हणून निवडून आली त्या दिवशी गल्लीनं तिला हारांत बुडवलं, आणि ह्यांनी विचारलं काय, तर जेवलीस का. आपल्याच पोरीचा आपण कसला सत्कार करायचा, म्हणाले. मला ते लागलं. तिलाही लागलं असणार, पण ती ह्यांचीच मुलगी, बोलली नाही.

वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात तेव्हा सगळं होतं, नर्स होती, वजनकाटा होता, भिंतीवर हात धुण्याची चित्रं होती. डॉक्टर तेवढा नव्हता. ह्यांना साखरेचा त्रास, त्यात नवीन बूट चावून अंगठ्यापाशी जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. खासगीत चला म्हणून दीक्षानं सांगितलं, मी सांगितलं, भांडूनही झालं. आमदाराचा बापच खासगीत गेला तर ह्या दवाखान्याकडे बघणार कोण, हा ह्यांचा हेका. नर्स पट्टी बदलायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. आमच्या शेजारच्या तात्यारावांचा पाय अशाच जखमेपायी घोट्यापासून काढावा लागला होता. मला जेवण गोड लागत नव्हतं.

दीक्षानं हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर देणं भाग. झालं, खातं खडबडून जागं झालं. दीक्षा नागपूरला पोचते न पोचते तोच दवाखान्यात डॉक्टर हजर. तेजस्विनी नाव, तिशीची मुलगी, कोथरूडहून स्कूटरवर यायची.

शहाण्या माणसानं अशा वेळी आधी पाय दाखवला असता. आमचे हे शाल आणि नारळ घेऊन गेले. दवाखान्याच्या पायरीवर सत्कार झाला, फोटो निघाला, आणि घरी यायच्या आत तो संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चढला. खाली ह्यांनी स्वतः लिहिलं होतं, 'वस्तीला डॉक्टर लाभले, शासनाचे आभार.'

डॉक्टरीणबाईंचं शालीकडे लक्ष नव्हतं. ह्यांचं लंगडणं त्यांनी बघितलं होतं. आत नेऊन बूट काढायला लावला, जखम उघडली आणि कडेकडेनं दाबून बघितली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, रोज ड्रेसिंग लागेल, साखर आवळून धरावी लागेल, दोन-तीन महिने जातील, पण पाय वाचेल. मी त्यांचा हात धरला. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "काकू, मला इथं अधिवेशन संपेपर्यंतच पाठवलंय. पुढं कोण येईल, कुणी येईल की नाही, मला माहीत नाही."

बाहेर हे संघाच्या मंडळींना पेढे वाटत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर काढायची तेही कळेना, म्हणून घरी येऊन दीक्षाला फोन लावला आणि तिच्यावर काढली. तिनं सगळं ऐकून घेतलं. आता मंत्री काय उत्तर देणार ते तिला दिसतच होतं. दवाखान्यात डॉक्टर नाही हे खरे नाही. विषय संपला. "आई," ती म्हणाली, "मी भांडले तर मी खोटी पडणार. जरा विचार करू दे."

प्रश्नाच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये अख्खा संघ जमला. टीव्हीवर मंत्री उभे राहिले. डॉक्टर नाही हे खरे नाही, म्हणाले, आणि पुढं हसत हसत म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या वडिलांनीच डॉक्टरांना शाल घालून शासनाचे आभार मानलेत, फोटो माझ्याकडे आहे. तो त्यांनी उंच धरून दाखवलासुद्धा. सभागृहात हशा पिकला. आमच्या हॉलमध्ये मात्र कुणी कुणाकडे बघेना. हे मटार सोलत होते, ते खाली मान घालून सोलतच राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्यांची ती खाली गेलेली मान बघून तितकीच कीवही आली.

मग दीक्षा उभी राहिली. मला वाटलं, चिडणार. ती हसत होती.

"अध्यक्ष महोदय, डॉक्टर आल्याबद्दल मी मंत्रिमहोदयांचे आभार मानते. शाल माझ्या वडिलांनीच घातली, ते कुणालाही घालतात. पण त्यांची एक रीत आहे, ते निरोपाचाही सत्कार करतात. त्यांच्या पायाला जखम आहे आणि ती ह्याच डॉक्टर बघताहेत. अधिवेशन संपल्यावर वडिलांना निरोपाची शाल काढावी लागणार नाही, ह्या डॉक्टर ह्याच दवाखान्यात कायम राहतील, एवढं मंत्रिमहोदय सभागृहात सांगतील का?"

मंत्री अजून हसण्यातच होते. ते उठले आणि म्हणाले, "कायम राहतील. वडिलांना सांगा, दुसरी शाल जपून ठेवा." बाकं वाजली. दीक्षा आभार मानून खाली बसली.

संघातल्या मंडळींना हे मिळमिळीत वाटलं. महिपतराव तर म्हणाले, पोरगी आज नमली. रात्री तिनंच फोनवर समजावलं. सभागृहात मंत्र्यानं दिलेला शब्द म्हणजे आश्वासन, ते कामकाजात नोंदलं जातं, आणि पाळलं की नाही हे विचारायला आमदारांची एक समितीच असते. तिला ते हशा चालू असतानाच हवं होतं. सावध झालेला मंत्री फार तर तपासून बघतो म्हणाला असता. मी हे सगळं महिपतरावांना दुसऱ्या दिवशी दारात उभं करून ऐकवलं, चहासुद्धा न विचारता.

अधिवेशन संपलं आणि डॉक्टरांच्या परतीचा आदेश खरोखरच निघाला. दीक्षानं त्या आश्वासनावर बोट ठेवलं, आणि आठवड्याच्या आत आदेश मागं घेतला गेला. मला मात्र डॉक्टरांपुढं ओशाळल्यासारखं झालं. तुम्हाला आम्ही इथं अडकवलं, म्हटलं. त्या पट्टी कापत म्हणाल्या, "कोथरूडला आमच्या एका सोसायटीत सात डॉक्टर आहेत, काकू. तिथं पेशंटच मिळत नाही."

होळीच्या सुमाराला जखम भरली. त्या दिवशी ह्यांनी कपाट उघडलं तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरांना आता दुसरी शाल नको, ती निरोपाची असते. ते शाल काखेत मारून, चपला घालून, नीट पाय टेकत खाली उतरले.

दीक्षा मुंबईहून यायची होती. मी गॅलरीतून बघत होते. गाडी थांबली, ती उतरली, आणि ह्यांनी भर रस्त्यात तिच्या खांद्यावर शाल टाकली. फोटो काढायला कुणी नव्हतं, भाषणही झालं नाही. शालीचं टोक धरून ती तशीच उभी राहिली आणि ह्यांच्या पायाकडे बघत राहिली. मला वरून नीट दिसेना, डोळे भरून आले होते.

"जेवलीस का?" ह्यांनी विचारलं.

ती नाही म्हणाली, म्हणून मी कणीक भिजवायला आत गेले.