लोटनच्या रक्तातला पहिला

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. मी ज्याच्या रक्तात राहतो तो लोटन आठवीत शाळा सोडून बसला. त्याच्याजवळ जेवढे साधे शब्द, तेवढेच माझ्याजवळ. मी एचआयव्हीचा विषाणू बोलतोय.

मी आईकडूनच त्याच्यात आलो. वर्गात माझं नाव फुटलं, त्याच्या बाकावर कुणी बसेना, म्हणून त्याने शाळा सोडली. आता तो पहूरला केळीच्या गाड्या भरतो. माझ्यावरची रोजची गोळी कधी चुकवत नाही. त्या गोळीने मला झोपवून ठेवलं. माझी तक्रार नव्हती. तो जगला तरच मी.

धुळ्याला एचआयव्ही असलेल्यांचा वधू-वर मेळावा झाला, तिथे त्याला सारिका भेटली. लग्न झालं. दोघांनाही आहेच, मग आता कसली भीती, असं त्यांना वाटलं. दवाखान्यातून मिळालेली निरोधची पाकिटं पेटीत पडून राहिली.

यंदा लोटनच्या रक्तात विषाणू वाढले. जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकवल्या ना, भाऊ?"

"नाही साहेब."

"मग काय केळी खाऊन वाढले?"

नर्स हसली. मी तर झोपलेलो होतो, पण सांगणार कोणाला?

रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत गेलं. तिथे कळलं, लोटनमध्ये मी एकटा नाही, एचआयव्हीचाच दुसऱ्या जातीचा विषाणूही आहे. आम्हा दोघांना एकाच ताटलीतल्या पेशींवर सोडून कोण जास्त वाढतो ते पाहिलं. औषध नव्हतं तेव्हा मी पुढे गेलो. लोटनच्या गोळीचं औषध टाकलं, मी गपगार झालो. तो मात्र वाढतच राहिला. गोळी मधूनमधून बंद पडते अशा शरीरात असले तयार होतात. सारिकाचं रक्त तपासलं. तोच निघाला. तिच्याकडूनच तो लोटनमध्ये आला होता.

दवाखान्याच्या बाकावर लोटन म्हणाला, "तू तं रोज म्हणायची, घेतली."

"घेतच व्हते. उपासाले नाही घेतली. श्रावणात नाही, नवरात्रात नाही. उपासाले गोळी कशी चालीन?"

"मले का नाही सांगितलं?"

"तुमच्याच आयुष्यासाठी धरले व्हते. सांगितलं असतं तं मोडाले लावले असते."

डॉक्टरांनी दोघांना नव्या गोळ्या दिल्या. "तुझं खरं होतं," ते लोटनला म्हणाले. त्याला त्याचं काही सुख वाटलं नाही.

माझ्यासारखा एक अंगात आहे म्हणून दुसऱ्याला दार उघडं ठेवू नका, एवढीच माझी विनंती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटनने सारिकाच्या तळहातावर नवी गोळी ठेवली, पाणी दिलं. तिने गिळली.

"तोंड उघड."

"अहो, घेतली ना."

"जीभ वर कर."

तिने केली. लोटनने वाकून नीट बघितलं.