ऐकायचं एकट्यानं, भांडायचं मिळून

मी काळी, गोल, पोटात भोक असलेली गाण्याची तबकडी. सुई टेकली की बोलायचं आणि उचलली की गप्प बसायचं, असा माझा जन्मभराचा शिरस्ता. आज तो मोडतेय, कारण समोर एक म्हातारा फोनपाशी उभा आहे आणि मला राहवत नाही.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. दोन साच्यांच्या मधे गरम काळा गोळा ठेवायचा, एक गोल कागद वर, एक खाली, आणि दाबायचं. कागदांवर छापलेलं असतं, 'बाजू पहिली', 'बाजू दुसरी'. माझ्या वेळी तिथल्या बाईचं चित्त थाऱ्यावर नसावं. घरी लेकरू तापलेलं असेल, कोण जाणे. तिनं वरचा कागद खाली लावला आणि खालचा वर. झालं, माझी पहिली बाजू जगासाठी दुसरी ठरली. अंगात सदरा उलटा असला तर कोणीतरी सांगतं. माझं मलाच कळत होतं, पण सांगायला तोंड कुठं होतं?

माझ्यावरचं संगीत 'कॉपर हेरॉन' नावाच्या बँडचं. त्या जातीच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. गाणं चटकन आटोपायचं नाही, बाजूभर चालवायचं. मधेच बासरी, मधेच ऑर्गन, ताल तर चालता चालता बदलतो. या बँडनं तीनच अल्बम काढले आणि मंडळी पांगली. पहिला 'पत्र्याचं आभाळ', दुसरा 'घंटांचं शेत' आणि तिसरी मी, 'लांबचं पाणी'.

माझ्यात शब्द नाहीत, पण गोष्ट आहे. एक नावाडी किनारा सोडतो, धुक्यात शिरतो, वादळात सापडतो; पहिली बाजू नुसत्या वाऱ्यावर संपते. दुसऱ्या बाजूला तो हळूहळू घराकडे येतो, आणि अगदी शेवटी दार उघडतं. कागद बदलल्यामुळे माझा नावाडी आधी घरी यायचा आणि मग वाऱ्यात हरवायचा. उद्यापन आधी आणि संकल्प नंतर, असलं व्रत कोणाला पावणार?

फॅव्हरशॅम गावातल्या ट्रेव्हर पेनफोल्डनं मला घरी आणलं तेव्हा त्याचे केस खांद्यावर रुळत होते. तो बस डेपोत नोकरीला होता. माझं त्यानं फार केलं. हात धुतल्याशिवाय मला शिवायचा नाही, कडांनाच धरायचा, मऊ फडक्यानं पुसायचा. कानांवर हेडफोन चढवायचे, दिवा मंद करायचा, मधे उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि बाजूंचा क्रम तर कधी म्हणजे कधी मोडायचा नाही. मी अगदी सोवळ्यातली! त्याची बायको मॉरीन म्हणायची, "माझ्याकडे इतक्या निगुतीनं बघितलं असतंस तर मीही गायले असते."

बॅरी हॉगबेन हा त्याचा जिवाचा मित्र. शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याच्याकडेही 'लांबचं पाणी' होती, माझी बहीणच म्हणा, पण तिचे कागद जागच्या जागी होते. तोही तिला असाच ऐकायचा, एकटा, अंधारात. तशी त्या मंडळींची रीतच होती. ऐकायचं आपापल्या घरी आणि दर गुरुवारी पबमधे जमून भांडायचं, कोणता अल्बम सगळ्यात चांगला. पबमधे वाद घालायला जागा होती, तबकडी वाजवायला नव्हती. इतक्या वर्षांत दोघांनी मला शेजारी बसून एकदाही ऐकलं नाही.

ट्रेव्हर घरी येऊन मॉरीनला सगळं सांगायचा, म्हणून मला तिथलं कळायचं. पण एका गुरुवारी ट्रेव्हरनं वादात पुरावा म्हणून मलाच पिशवीत घालून नेलं. खाडीतल्या होड्या जिथून दिसतात त्या खिडकीशी दोघं बसले. पबवाली ग्लेनिस चिप्सची बशी ठेवत म्हणाली, "आज मेलेल्या बँडचा कितवा दिवस घालताय?"

"याला समजाव," ट्रेव्हर म्हणाला. "घंटांचं शेत सोडून हा त्या पाण्यात डुंबतोय."

"घंटांचं शेत म्हणजे ढोलवाल्याची कसरत," बॅरी म्हणाला. "पाण्याचा शेवट ऐक आणि मग बोल. ज्याचे डोळे भरून येत नाहीत तो माणूस नव्हे, बसचा थांबा."

"कसला शेवट? नुसता वारा! बिचाऱ्याला भर समुद्रात टाकून हे लोक जेवायला गेले."

"अरे, शेवटी तो घरी येतो!"

"घरी तो सुरुवातीला असतो, गाढवा! शेवटी हरवतो."

"कान साफ करून घे, ट्रेव्हर. डेपोतली धूळ बसलीय."

शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. पिशवीत माझा जीव वर-खाली होत होता. अरे, दोघंही खरं बोलताय, एकदा घरी जाऊन मिळून ऐका रे! पण चारचौघांत हसं झालेला ट्रेव्हर आता थांबणार नव्हता. बॅरीची बायको पॉलीन त्याला सोडून गेली होती, हे सगळ्या पबला माहीत होतं.

"तुझ्या घरी कोणी परत येत नाही ना," ट्रेव्हर मोठ्यानं म्हणाला, "म्हणून तुला असलं ऐकू येतं."

हसणं थांबलं. बॅरीनं अर्धा ग्लास तसाच ठेवला, कोट घेतला आणि गेला. "ट्रेव्हर, हे काय बोललास?" ग्लेनिस म्हणाली. ट्रेव्हरनं बॅरीच्याही वाट्याच्या चिप्स खाऊन टाकल्या, एकही चवीनं नाही.

त्यानंतर बॅरी पबमधे आला नाही. मॉरीन कितीदा म्हणाली, "जा, माफी माग. चार गल्ल्या तर ओलांडायच्यात." हा म्हणायचा, "उद्या." उद्या उद्या करत केस पांढरे झाले, नोकरी संपली आणि एका हिवाळ्यात मॉरीनही गेली.

मग घर इतकं शांत झालं की माझ्यावर धूळ बसल्याचाही आवाज यावा. ट्रेव्हर एकाच कपात चहा करायचा, टोस्ट जाळायचा आणि जळका खायचा. मला हातही लावत नव्हता. फडताळात उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या एकमेकींना टेकून असतो खऱ्या, पण टेकणं म्हणजे सोबत नव्हे.

डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यावर एका दुपारी त्यानं चाचपडत मला काढलं. कागदावरचं वाचता येईना, म्हणून जी बाजू वर आली ती लावली. सुई जरा घसरली, पण बसली. आणि माझ्या जन्मात पहिल्यांदाच त्या घरात माझी गोष्ट सुरुवातीपासून सुरू झाली. किनारा सुटला, धुकं आलं, वारा उठला. त्यानं मला उलटलं. नावाडी पाण्यावरून घराकडे येऊ लागला आणि दार उघडलं.

ट्रेव्हर ताडकन उठून बसला. "मॉरीन!" त्यानं हाक मारली. मग घरात कोणी नाही हे आठवून हळूच म्हणाला, "मॉरीन, तो घरी येतो गं."

भिंग आणलं. खाचा जिथं संपतात तिथं, कागदाच्या कडेला, कारखान्यात बाजूची खूण कोरलेली असते. ती खूण एक सांगत होती आणि कागद दुसरंच. किती वेळ तो मला मांडीवर घेऊन बसला. मग कोट घातला, मला बगलेत धरलं आणि त्या चार गल्ल्या ओलांडल्या.

बॅरीनं दार उघडलं, पण वाट दिली नाही. तोही वाळला होता.

"मॉरीनच्या वेळी चर्चमधे आलो होतो मी," तो म्हणाला. "मागच्या बाकावर होतो."

"पाहिलं होतं मी."

"मग बोलला नाहीस?"

"तूही नाही बोललास."

दारातच उभं राहून ट्रेव्हरनं सगळं सांगितलं. बॅरीनं चष्मा कपाळावर चढवून माझी खूण पाहिली, कागद पाहिला आणि हसू त्याच्या नाकातूनच फुटलं.

"म्हणजे आपण वेगवेगळ्या तबकड्यांवरून भांडत होतो?"

"हो."

"आणि मी तुला बहिरा म्हणत होतो!"

"मी तुला रडका."

मग बॅरीचं हसू ओसरलं. "कागद चुकला, मान्य. पण पॉलीनवरून जे बोललास, ते काही कागदानं तुझ्या तोंडात घातलं नव्हतं."

"नाही," ट्रेव्हर म्हणाला. "ते माझंच."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर. मला माफ कर, बॅरी."

बॅरीनं चष्मा परत नाकावर ओढला. "माझी तबकडी मी तेव्हाच दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात देऊन टाकली. शेवट जवळ आला की संगीत बाजूला राहायचं, तुझंच वाक्य ऐकू यायचं." मग त्यानं हात पुढे केला, पण तो माझ्यासाठी. "ही ठेवून जा. ऐकेन की नाही, सांगत नाही."

दार लागलं. ट्रेव्हरची पावलं लगेच गेली नाहीत. मी आतून ऐकत होते.

तेव्हापासून मी इथं आहे. बॅरी रोज मला काढतो, पुसतो, तबकडीयंत्राचं झाकण उघडतो आणि परत मला जागेवर ठेवतो. एकट्यानं ऐकायचं त्याच्या मनात नाही, आणि दुसऱ्याला बोलवायचा धीर होत नाही. त्या खोलीत खुर्ची एकच होती.

आज सकाळी मात्र त्यानं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि पहिलीच्या शेजारी लावली. किंचित तिरकी केली, परत सरळ केली. माझं यंत्र उघडं ठेवलं आणि आता फोन कानाला लावून उभा आहे. तिकडे ट्रेव्हरच्या घरात घंटा वाजतेय, वाजतेय, अजून कोणी उचलत नाही. बॅरीचा चेहरा उतरायला लागलाय.

बॅरी, बाबा रे, लगेच ठेवू नकोस. त्याच्या घरात फोन जिन्याखाली आहे आणि त्याला नीट दिसत नाही. खुर्चीतून उठायला, भिंतीला धरून तिथवर यायला वेळ लागतो त्याला. अजून थोडी वाजू दे. येतोय तो.