सुमेधच्या डाव्या पायाचा बूट

मी सुमेधच्या डाव्या पायाचा बूट बोलतोय. बूट म्हटलं की तुम्हाला चामडं, नाडी, पॉलिश असलं काही आठवेल, पण मी तसा नाही. मी पांढऱ्या प्लास्टिकचा, पोटरीपासून बोटांपर्यंत पायाला मागून धरणारा, दोन पट्ट्यांनी आवळायचा. केंद्रातल्या म्याडम मला स्प्लिंट म्हणतात. सुमेधची आई बूट म्हणते. ज्या घरात राहिलो त्या घरचं नाव लावावं एवढी रीत मला कळते, म्हणून मी बूटच.

माझा जन्म लातूरचा. दिव्यांग लेकरांच्या एका उपचार केंद्राच्या मागच्या खोलीत शिवमूर्ती नावाचे कारागीर बसतात, त्यांनी मला घडवलं. सुमेध तेव्हा चार वर्षांचा होता. जन्मताना तो वेळेवर रडला नाही, मेंदूला हवा कमी पडली आणि डावं अंग कमजोर राहिलं. चालायचा, पण भिंतीला धरून, आणि डावी टाच काही जमिनीला टेकायची नाही. ती टाच टेकती ठेवायची, मागची शीर आखडू द्यायची नाही, म्हणजे लेकरू ऑपरेशनावाचून शाळेत आपल्या पायांनी जाईल, हे माझं काम. मला दुसरं काही येत नाही.

शिवमूर्तींनी त्याच्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळलं तेव्हा पोरगं घाबरलं आणि ऐन वेळी त्यानं पाय झटकला. त्या साच्यावरून पांढरा पाय ओतला, तो कानशीनं घासला, भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक त्याच्यावर अंथरलं. ते थंड झालं तेव्हा मी झालो. पण पाय झटकला होता ना, तिथं, आतल्या घोट्याच्या हाडापाशी, मी जरासा आत दबलेला राहिलो. ज्वारीच्या दाण्याएवढा असेल तो दोष.

शिवमूर्तींच्या नजरेतून तो सुटला नव्हता. ते भार्गवी म्याडमना म्हणाले, "घोट्यापाशी जरा आवळ वाटून राहिलं म्याडम. लेकराला लागलं तर पाठवून द्या. गरम हवा मारून फुगवून देतो, दोन मिनिटांचं काम हाय."

भार्गवी म्याडम म्हणजे तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या, फिजिओथेरपिस्ट. लातूरच्याच, शिक्षकाच्या घरातल्या, हाताला गुण असलेल्या. पण त्या एकट्या आणि दाराबाहेर लेकरांची ही रांग. त्यांनी सुमेधच्या आईला, महामायाला, समोर बसवून भराभर सांगितलं, "रोज घालायचा. आत मोजा पाहिजेच. सुरुवातीला थोडं लाल होईल, घाबरायचं नाही, सवय होते. आणि काढल्यावर तो लालपणा लवकर गेला नाही, तर..."

एवढ्यात गादीवरचं एक लेकरू मोठ्या चेंडूवरून घसरलं आणि म्याडम तिकडे धावल्या. परत आल्या त्या पुढच्या नंबराला हाक मारतच. 'तर लगेच घेऊन या' हे उरलेलं अर्धं वाक्य आमच्याबरोबर घरी आलंच नाही.

घर म्हणजे देवणीजवळचं खेडं. सुमेधचे वडील धम्मानंद स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामावर, महिना महिना बाहेर. घरात आजी सरजाबाई. महामाया गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सकाळी चुलीला लागायच्या आधी ती मला सुमेधच्या पायात चढवायची, आणि असं हळू चढवायची की मला माझं भाग्य मोठं वाटायचं.

पहिल्या दिवशी घोटा लाल झाला. महामायानं बघितलं आणि मनाला समजावलं, म्याडम म्हणल्याच व्हत्या. दुसऱ्या दिवशी आणखी लाल. मग एक दिवस मला काढलं तर मोज्याला पाण्यासारखं काही चिकटलेलं. कातडी सोलली होती. मी सोलली होती. मला त्या पोराला इजा करायची नव्हती हो! मी त्याच्यासाठीच जन्मलो होतो आणि मीच त्याला चावत होतो. माझ्या अंगात एक दाणाभर चूक आहे, ती कुठं आहे ते मला माहीत होतं, ती काढणारा माणूस कुठं बसतो तेही माहीत होतं, आणि तोंड नव्हतं.

महामायानं तिच्या परीनं सगळं केलं. खोबरेल लावलं, हळद लावली. मऊ बसावं म्हणून एकावर एक दोन मोजे चढवले, मध्ये कापूस घातला. आधीच जागा नाही, त्यात आणखी भर. मी जास्तच रुतलो. सुमेधला फार शब्द येत नव्हते, पण माझी पट्टी कर्रकन उघडल्याचा आवाज ऐकला की तो घराच्या कोपऱ्यात सरकायचा.

"काढ गं ते माय," सरजाबाई म्हणाल्या. "लेकरू लई तळमळून राहिलंय. पाय सुधारायला आणलाय का कापायला?"

"म्याडम रागावतील आत्या."

"म्याडम काय हितं बघाय येतेत व्हय?"

त्या दिवसापासून माझा मुक्काम बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कप्प्यात. स्वच्छ फडक्यात गुंडाळून, अगदी जपून. मला कुणी फेकलं नाही, हे मी आधी सांगतो, कारण ऐकणारे लगेच आईला नावं ठेवतात.

आता एक गंमत सांगतो. गंमत कसली, माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळच ते. महामायाच्या शाळेत खिचडी तपासायला साहेब येतात. साहेब येणार अशी कुणकुण लागली की पेटीतून टोपी आणि ॲप्रन निघतात. साहेब विचारतात, "रोज घालता ना?" सगळ्या बाया म्हणतात, "हाव साहेब." साहेब खूश, हेडमास्तर खूश, टोपी परत पेटीत. त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. मोठ्या माणसानं एवढ्या लांबून येऊन विचारलं, त्याला नाही कसं म्हणायचं? तो मान ठेवण्याचा भाग असतो. तर महामायानं केंद्राचंही तेच केलं. तिच्या लेखी केंद्र म्हणजे तपासणी आणि भार्गवी म्याडम म्हणजे साहेब.

दर पंधरवड्याला लातूरची एसटी धरायची. मी वायरच्या पिशवीत. लातूरचं स्टँड जवळ आलं की गाडीतच मला सुमेधच्या पायात चढवायचं. पोरगं रडायचं, ती त्याच्या हातात बिस्किट द्यायची आणि स्वतः खिडकीबाहेर बघायची. तिचे डोळे भरलेले मी कितीदा तरी पाहिलेत.

"रोज घालता ना?" म्याडम विचारायच्या.

"हाव म्याडम."

"काही त्रास?"

"न्हाई म्याडम. लई चांगला बसलाय."

म्याडम मला काढायच्या, घोट्यावरचा डाग बघायच्या. "हे काय झालं?"

"खेळताना पडला."

आणि मी, ज्याच्या आतल्या अंगाला त्या डागाच्या मापाचा उंचवटा होता, त्यांच्या दुसऱ्या हातात उताणा पडलेलो असायचो. त्यांनी मला फक्त आतून चाचपून बघायला हवं होतं. पण बाहेरून पुढच्या लेकराच्या रडण्याचा आवाज यायचा आणि त्या मला बाजूला ठेवायच्या.

टाच वर वर चढत होती. पाय हातात घेतला की म्याडमना ते कळायचंच. एके दिवशी त्यांचा तोल गेला. बाकीच्या आयांच्या देखत त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी काहीच करत नाही, म्हणून हे होतंय! मी पंधरा दिवसांतून एकदा हात लावणार, बाकीचे दिवस तर तुमचेच आहेत ना? लेकरू तुमचं आहे की माझं?"

महामायानं पदर नीट केला. "हाव म्याडम," म्हणाली. काय बोलावं हे कळेना की ती हाव म्हणते. त्या दिवशी परतीच्या गाडीत तिनं सुमेधला छातीशी इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला. त्यानंतर तिनं केंद्रात तोंड उघडलं ते हाव-न्हाई म्हणण्यापुरतंच.

तुम्ही म्हणाल, म्याडमच वाईट. तसंही नाही. मधे माझी वरची पट्टी उसवली आणि मला पुढच्या खेपेपर्यंत शिवमूर्तींच्या टेबलावर ठेवून घेतलं. संध्याकाळी गर्दी सरल्यावर भार्गवी म्याडम तिथं स्टुलावर येऊन बसल्या. चहा हातात, पण पीत नव्हत्या.

"शिवमूर्तीकाका, त्या देवणीच्या बाईंना मी फार बोलले हो."

"मग पुढच्या वेळी निवांत बसवून इचारा की, का घालत न्हाईत म्हणून."

"विचारायची भीतीच वाटते. खोटं बोलतात ते कळतंय मला. पण फार खोदलं तर येणंच बंद करतील. मागं एक आई अशीच बंद झाली. येतायत तोवर निदान लेकराच्या पायाला माझा हात तरी लागतोय."

म्हणजे बघा. आई गप्प, का तर म्याडम चिडून आपला नंबर काढून टाकतील. म्याडम गप्प, का तर आई यायची थांबेल. तेरी भी चूप, मेरी भी चूप. दोघींचा जीव त्या एकाच पायात अडकलेला, आणि त्या पायाला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी टेबलावर होतो. गरम हवेचं यंत्र माझ्या शेजारीच खिळ्याला टांगलेलं होतं. शिवमूर्तींनी नवी पट्टी शिवली, ओढून बघितली आणि मला पिशवीत घातलं. पट्टीचं काम सांगितलं होतं, तेवढं केलं. घोटा लागला तर पाठवा असं त्यांनी म्हटलं होतं, आणि कुणी पाठवलं नव्हतं. त्यांनी धरलं, बरा बसला असेल.

पुढचं सांगायला नको वाटतं. नांदेडच्या हाडाच्या डॉक्टरांनी टाच दाबून बघितली आणि शीर आखडलीय, ऑपरेशन करावं लागेल म्हणून सांगितलं. धम्मानंद काम सोडून आला होता. त्यानं दवाखान्याच्या व्हरांड्यात बायकोला विचारलं, "बूट तर घातला व्हता ना रोज?"

महामायानं हातातल्या पिशवीकडे बघितलं. मी पिशवीत होतो. हाव म्हणावं तर बूट कुचकामी ठरतो, न्हाई म्हणावं तर ती आई म्हणून उणी ठरते. शेवटी ती म्हणाली, "टोचून राहिला व्हता हो त्याला." तेवढं एक खरं वाक्य, आणि ऐकायला तिथं ना म्याडम, ना शिवमूर्ती.

ऑपरेशन झालं. प्लास्टर निघालं, पाय सरळ झाला. टाच जमिनीला टेकली तेव्हा सरजाबाईंनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, आता बूट सोडायचा नाही, नाहीतर शीर पुन्हा आखडेल. म्हणून सुमेधसाठी नवा बूट झाला. त्याच्यावर निळे मासे आहेत. देखणा आहे, मी उगाच नाक मुरडणार नाही.

परवा तो नवा बूट पायात घालून बघायला केंद्रात बोलावलं होतं. माझ्या पट्ट्या चांगल्या आहेत, कामी येतील म्हणून शिवमूर्तींनी मलाही आणायला सांगितलं होतं. मी बाकावर, पिशवीच्या तोंडाशी. भार्गवी म्याडम या खेपेला खुर्चीवर बसल्या नाहीत. खाली सतरंजीवर, महामायाच्या शेजारी बसल्या. पुढच्या नंबराला त्यांनी थांबायला सांगितलं. मला वाटलं, आता. आता होतंय काहीतरी.

"ताई, मागं मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले, ते चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता मोकळेपणानं सांगा. मी रागावणार नाही. ह्याला कुठं लागतंय का?"

महामायाचे ओठ हलले. तिनं दाराकडे बघितलं, तिथं बाकीच्या आया उभ्या होत्या. मग मान खाली घालून म्हणाली, "न्हाई म्याडम. लई चांगला बसलाय."

म्याडमनी हार मानली नाही. त्या सुमेधकडे वळल्या, त्याचा गाल कुरवाळला. "तू सांग बाळा. बूट टोचतोय का रे?"

सुमेधला आता बोलता येतं. त्यानं पायाची बोटं आत ओढून घेतली होती. टोचलं की तो तसंच करतो, मला नाही तर कुणाला माहीत असणार! त्यानं आधी आईच्या तोंडाकडे बघितलं, मग म्याडमकडे. आणि अगदी आईच्या आवाजात म्हणाला, "न्हाई म्याडम."

म्याडम हसल्या, "शाब्बास" म्हणाल्या आणि उठल्या.

आज माझ्या पट्ट्या काढून झाल्यात, आता मी भंगाराच्या पोत्यात जाईन. माझं काही मागणं नाही. पण त्या खोलीत अजून कुणी असेल, आई असो की म्याडम, तर हात जोडून सांगतो, विचारत बसू नका. निळ्या माशांच्या बुटात, मोज्याच्या खाली, तेवढं एक बोट घालून बघा.