परक्या चुलीपाशी

शारजाच्या औद्योगिक भागात सेट बनवणारा एक कारखाना होता. समाधान तिथे प्लास्टरचं काम करी. त्या हंगामात एका मॉलच्या प्रदर्शनासाठी अ‍ॅझ्टेक लोकांचं घर उभारायचं होतं. मेक्सिकोतली ही जुनी माणसं मक्याची भाकरी खायची आणि चुलीच्या तीन दगडांना देव मानायची. चूल बघून समाधानला हसू आलं. असली चूल तर त्याच्या गावच्या घरी होती.

डिझायनर हिलरी वसईचा. काम समजावताना तो बोलून गेला, की हे लोक मुलाची नाळ रणांगणात पुरत, म्हणजे तो लांब जाईल. मुलीची चुलीपाशी, म्हणजे ती घर सोडणार नाही. समाधानचा हात तिथेच थांबला.

त्याला मुलगी झाली होती. रजा मिळेना, म्हणून त्याने तिला फोनवरच पाहिलं. बाळाची गळून पडलेली नाळ बायकोने, सोनमने, एका गाववाल्याबरोबर धाडली. लेकीचं काहीतरी बापापाशी असावं म्हणून. नाळ पोचली आणि पाठोपाठ तापाने पोर गेली. सुंठीच्या तुकड्याएवढी ती नाळ कामगारांच्या कॅम्पातल्या त्याच्या उशीखाली तेवढी उरली.

हे घर पुढे म्युझियममध्ये कायमचं राहणार, असं हिलरी सांगत होता. समाधानने चुलीच्या मधोमध नाळ ठेवली आणि वर प्लास्टर ओतलं. वेडेपणाच तो, पण बुडत्याला काडीचा आधार. सोनमला सांगितलं, तेव्हा कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

प्रदर्शन संपलं आणि म्युझियमवाल्यांनी ऐनवेळी माघार घेतली. मॉलवाल्यांना काय, आज अ‍ॅझ्टेक, उद्या डायनासोर. समाधान सुट्टीवर कॅम्पात कपडे धूत होता, तेवढ्यात कामगारांच्या दुसऱ्या टोळीने मॉलमधलं ते घर तोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याला ते कळलं. तो हिलरीकडे धावला.

"सर, आपली चूल कुठाय?"

"खलास रे. सगळं तोडलं, डंपर पण गेला. का, काय झालं?"

"काही नाही," म्हणत समाधान प्लास्टर कालवायला लागला. लेक दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला बापानेच तिला नेऊन ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात त्याची रजा मंजूर झाली. सोनम फोनवर खूश होती.

"येताना तिला घेऊन या हो," ती म्हणाली. "परक्या चुलीपाशी किती दिवस ठेवायची? आपल्या चुलीपाशी पुरू."

"आणतो," समाधान म्हणाला.

सकाळी तो ऑफिसात गेला आणि त्याने रजा रद्द करून घेतली.