म्हस अंबूबाईची

स्पेनची बाई येणार म्हटल्यावर आमच्या गल्लीत प्रत्येकाने मला एकच विचारलं, "बैलाशी झुंजती काय?" आधी मी नीट उत्तर द्यायचे, की बाबांनो, ती फोटोग्राफर आहे आणि तिच्या भागात डोंगर, पाऊस आणि गाई एवढंच असतं. चौथ्या माणसाला मात्र म्हटलं, "बैलाशी झुंजायला स्पेनची बाई कशाला पायजे? सकाळी मंडईत जावा, उभाच असतोय." माझा स्वभावच असा आहे. अब्बा म्हणायचे, सलमाच्या जिभेला फ्लॅश बसवलाय.

अब्बांच्या मागे त्यांचा फोटो स्टुडिओ मीच चालवते. लग्न, साखरपुडा, बारसं, पासपोर्ट, आणि निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. आमच्या धंद्याचा नियम एकच. फोटो काढायचा नसतो, बसवायचा असतो. हनुवटी वर, खांदे खाली, पदर सरळ, आणि "काकू, हसा की जरा, कार्य घरचंच हाय."

मला दुभाषी म्हणून नेमून आलेल्या पिलार रिएस्त्रा या बाईचा नियम अगदी उलटा. कुणाला हलवायचं नाही, हसवायचं नाही, आणि विचारायचं तर मुळीच नाही. माणूस आपल्या कामात असताना गुपचूप टिपायचा. "विचारलं की माणूस खोटा होतो," असं ती म्हणायची. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी म्हटलं, आमच्याकडे न विचारता फोटो काढलात तर नवरीचा मामा कॅमेरा फोडेल. त्यावर ती इतकी खदखदून हसली की माझा राग तिथेच विरला. नाहीतर दुसऱ्या दिवशी मी हात जोडून तिला वाटेला लावलं असतं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. तिचं मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे छान जमलं.

तिची हकिगत ऐकण्यासारखी आहे. स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास नावाचा मुलूख आहे, तिथल्या डोंगरातल्या एका खेड्यात ती वाढली. अक्षरं गिरवायच्या आधी गाईची धार काढायला शिकली. सतराव्या वर्षी घर सोडून शहरातल्या एका स्टुडिओत लागली. काम काय, तर फोटो धुवायचे आणि चर्चच्या समारंभासाठी पांढरे झगे घालून आलेल्या पोरींच्या माना सरळ करायच्या. म्हणजे माझंच काम. त्याचा तिला इतका वीट आला की ती वर्तमानपत्रात गेली. तिथे तिच्या वाट्याला पाककृती आणि फुलांची प्रदर्शनं आली. त्या मुलखात कोळशाच्या खाणी, आणि खाणीत बाई उतरली की घात होतो अशी तिकडची समजूत. ही पठ्ठी भावाची पँट आणि भावाचे बूट चढवून उतरली. संपादकाने आधी तिला झापलं, मग फोटो पहिल्या पानावर घेतला आणि फुलांची प्रदर्शनं दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारली.

पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने कामातल्या बायकाच टिपल्या. मासे डबाबंद करणाऱ्या, संपकऱ्यांसाठी चुली पेटवणाऱ्या, मोरोक्कोत मेंढरं हाकणाऱ्या, पेरूत बटाटे खणणाऱ्या. मधल्या काळात दोन लग्नंही झाली. एक नवरा कॅमेऱ्याला कंटाळला, दुसऱ्या नवऱ्याला कॅमेरा कंटाळला, हे तीच सांगायची.

आता माद्रिदचा एक प्रकाशक तिच्या साऱ्या कामाचं जाडजूड पुस्तक काढत होता. सगळी पानं लागली होती, शेवटचं तेवढं रिकामं होतं. तिथे तिला जनावरांत राबणारी एक बाई हवी होती, आणि तशी तिला मनासारखी मिळत नव्हती. कुणीतरी मोबाईलवर आमच्या कोल्हापूरच्या पळत्या म्हशींचा व्हिडिओ पाठवला, आणि अडुसष्टाव्या वर्षी ही बाई तेवढ्यासाठी विमानात बसली. गुडघे गेलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. "हा एक फोटो मिळाला की कॅमेरा कपाटात," ती म्हणाली. "नाही मिळाला, तर पुस्तक अर्धवट आणि कॅमेरा तरीही कपाटात." हे सांगताना मात्र ती हसली नाही.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. दिवाळी पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटतात. शिंगं रंगवतात, त्यांना मोरपिसांचे तुरे बांधतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढे पळवतो आणि मागून म्हैस चौखूर धावते. म्हैस मालकाच्या किती शब्दात आहे, त्यावर त्या घराची इज्जत. कसबा बावड्याच्या अंबूबाई मोटारसायकलच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचा नवरा जोतीराम म्हशीला घेऊन रस्त्याच्या त्या टोकाला थांबतो, अंबूबाई ह्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात आणि एकच हाक देतात, "ये चांदेऽऽ!" म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणून ती चांदी. एवढ्या गर्दीतून ती सरळ अंबूबाईंपाशी येऊन थांबते. "माझी म्हस माझ्याबिगार कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय," हे वाक्य सगळ्या बावड्याला पाठ आहे.

पाडव्याच्या आधी दोन आठवडे पिलारबाई रोज सकाळी अंबूबाईंच्या गोठ्यात. "या पावणं, पर म्हशीच्या मागं हुबं ऱ्हाऊ नका," एवढंच स्वागत झालं. एके दिवशी पिलारबाईने कॅमेरा बाजूला ठेवला, बादली गुडघ्यांत धरली आणि बसल्या बसल्या चांदीची धार काढून दाखवली. अंबूबाईंनी वाकून बादलीतला फेस बघितला आणि मला म्हणाल्या, "कामाची बाई हाय की ही! हिला फोटूचं याड कुटनं लागलं?" मी भाषांतर केलं. पिलारबाई म्हणाली, तेच मीही शोधतेय.

घोटाळा झाला तो गुळाने. मी तिला हौसेने एका गुऱ्हाळावर नेलं होतं. ताजा, कोमट गूळ खाऊन बाई अशी खूश झाली, की तेव्हापासून कॅमेऱ्याच्या पिशवीत लेन्सपेक्षा ढेपेचे खडे जास्त. चांदी सुरुवातीला कॅमेऱ्याला बुजायची. म्हणून पिलारबाई प्रत्येक फोटोनंतर तिला एक खडा चारायची. मी टोचून विचारलंही, "तुम्ही तर कुणाला हलवत नाही म्हणता, मग हे काय?" ती म्हणाली, "माणसांना हलवत नाही. ही म्हैस आहे." जशी काही म्हैस डोकं घरी ठेवून आली होती. चार-सहा दिवसांत चांदीने हिशेब पक्का केला, की बाईने काळा डबा तोंडाशी नेला की गूळ. हे आमच्या तिघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

पाडवा उजाडला. रस्ता माणसांनी फुललेला, हलगी कडाडतेय, मोटारसायकली फाडफाड करतायत. अंबूबाईंशी दरवर्षी चुरस लावणाऱ्या हंबीररावांची म्हैस बिजली आधीच पळून आपला मानाचा नारळ घेऊन गेली होती, आणि हंबीरराव फेटा सावरत अंबूबाईंचं काय होतंय ते बघायला थांबले होते. अंबूबाई नवी कोरी नऊवारी नेसून रस्त्याच्या मधोमध. त्यांच्या मागे जरा अंतरावर, चहाच्या गाड्यावरून मागून घेतलेल्या खुर्चीवर पिलारबाई उभी, आणि खुर्ची धरून मी.

"ये चांदेऽऽ!"

जोतीरामाने दोर सोडला. चांदी निघाली. गुलाबी शिंगं, मोरपिसं, अंग असं चकाकत होतं की नजर ठरेना. पिलारबाईने कॅमेरा डोळ्याला लावला. चांदीचे कान उभे राहिले. ती अंबूबाईंच्या अंगावरून वाऱ्यासारखी पुढे गेली, खुर्चीपाशी येऊन थांबली, आणि सगळ्या बावड्यासमोर तिने पिलारबाईच्या पिशवीत तोंड खुपसलं.

क्षणभर हलगीसुद्धा थांबली. मग हंबीरराव ओरडले, "अंबूबाई, म्हस स्पेनला दिली काय?" आणि जे हसू उसळलं, ते थांबेचना. जोतीराम फेट्याच्या शेमल्यात तोंड लपवून उभा होता, तो रडत नव्हता हे मी खात्रीने सांगते. अंबूबाईंनी पदर खोचला. आल्या, दोर हातात घेतला, म्हशीला वळवलं आणि मानाचा नारळ न घेताच घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघायची, तो असा गुळात गेला.

स्टुडिओत येऊन फोटो बघितला आणि मी खुर्ची ओढून त्याच्यापुढे बसले. पुढे चांदी, चारी पाय हवेत. मागे गर्रकन वळलेल्या अंबूबाई, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं, डोळ्यांत राग आणि धक्का आणि म्हशीवरची माया, सगळं एकदम. मी जन्मभर माणसं बसवली, पण असं माणूस कधी बसवता यायचं नाही. पिलारबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "शेवटचं पान," ती म्हणाली.

"अंबूबाईंना विचारून," मी म्हटलं.

"मी कधीच विचारलं नाही."

"मग आज विचारा."

"ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही!" माझा आवाज चढला. "तुम्ही चार दिवसांनी विमानात बसाल. अंबूबाईंना इथंच राहायचंय, आणि मलाही. त्यांची फजिती तुम्ही जन्माची छापून ठेवणार, आणि त्यांना पत्ताही नाही?"

"असा फोटो मला पुन्हा मिळणार नाही, सलमा. तेवढी वर्षंच उरली नाहीत."

ते खरंच होतं, म्हणून मला अजून राग आला. ती तरातरा बाहेर जाऊन पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने आत आली आणि पडक्या आवाजात म्हणाली, "छापू का, हे मराठीत कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी रिक्षात बावड्यापर्यंत ती तेवढंच पुटपुटत होती. अंबूबाई गोठ्यात शेण भरत होत्या. आम्हाला बघून 'या' म्हणाल्या नाहीत. पिलारबाईने पुढे होऊन मोठा छापलेला फोटो धरला. काखेत तिच्या पुस्तकाची कच्ची प्रत होती. "अंबूबाई, छापू का?"

अंबूबाईंनी सावकाश हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो उजेडात नेला. पिलारबाईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. खाणीत उतरली तेव्हा घाबरली नसेल, तेवढी बाई तेव्हा घाबरली होती.

"चारी पाय वर हाईत की गं हिचं," अंबूबाई म्हणाल्या. मग, "आन माझं तोंड बघ. कावळा जाईल आत."

मी हसू दाबलं. त्यांनी नाही.

"लोकं लई हसली, सलमा."

"व्हय मावशी."

"आता फोटू फाडला म्हणून ती रडायला लागणार हाईत व्हय?" त्यांनी पुन्हा एकदा म्हशीकडे बघितलं. "देखणी आलीया रांड. छाप म्हणावं. पर खाली नाव पायजे. म्हस अंबूबाईची, कसबा बावडा. बिननावाची म्हस मोकाट समजून कोंडवाड्यात घालत्यात."

मी सांगितलं, तशी पिलारबाईने माझं मनगट सोडलं. पण तिचा चेहरा गोंधळलेला होता. तिच्या पुस्तकात नावं नव्हतीच. खाली फक्त वर्णन आणि मुलूख. अंबूबाईंनी ती प्रत हातात घेतली आणि अंगठा ओला करून पानं उलटायला लागल्या. "हिचं नाव काय? मासं हाईत हिच्याकडं, तिचं."

"माहीत नाही," पिलारबाई म्हणाली.

"आन हिचं?"

"माहीत नाही."

पुढच्या एका पानावर त्या थांबल्या. जुना फोटो, एका तिवईवर बसलेली बाई, शेजारी ठिपक्यांची गाय, कमरेला बांधलेल्या फडक्यावर शेणाचे डाग, आणि नजर सरळ आपल्यावर रोखलेली.

"ही लई रागावलीया."

"ती माझी आई," पिलारबाई म्हणाली. मग थांबत थांबत सांगितलं. तो फोटो पेपरात आला, त्याला बक्षीस मिळालं, आणि आई कित्येक महिने बाजाराला गेली नाही. त्यानंतर आईने तिला कॅमेरा घेऊन गोठ्यात कधी येऊ दिलं नाही.

"इचारलं न्हवतंस?"

"नाही."

"मग रागावणारच की. हाय का अजून?"

"नाही."

अंबूबाईंनी फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय?"

पिलारबाईने मला सांगितलं, मी त्यांना. "गाईजवळ बसलेली बाई, अस्तुरियास."

"स्वताच्या आईला नुस्ती बाई म्हणून लिवलंस व्हय?" अंबूबाई म्हणाल्या. जेवलीस का विचारावं तशा सरळ आवाजात.

मी ते भाषांतर केलं नाही. अंबूबाईंचं बोट त्या ओळीवरच होतं, करायची गरज पडली नाही. पिलारबाईने माझ्या पर्समधून पेन काढलं, तिथेच वैरणीच्या पेंढीवर बसली आणि त्या ओळीवर काट मारून लिहिलं. लिहिताना मोठ्याने म्हणाली, "हेनेरोसा."

"आन गाईचं?"

पिलारबाईने डोकं वर केलं. आठवायला जरा वेळ लागला, आणि मग ती रडत रडत हसायला लागली. "गालाना!"

"चांगलं नाव हाय," अंबूबाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

ते पुस्तक अजून निघालेलं नाही. प्रकाशक माद्रिदमध्ये बोंबलतोय, आणि पिलारबाई जुने फोटो पिशवीत घालून, दुखरे गुडघे घेऊन गावोगाव दारं ठोठावत हिंडतेय. काल तिचा फोन आला. मासे डबाबंद करणाऱ्यांतली एक सापडली म्हणाली. आता नव्वदीची आहे. हिने नाव विचारलं, तर म्हातारीने फोटोकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आत ये, बाई. इतकी वर्षं कुठं होतीस?"